शाळेचा पैसा कुणाचा? अनुदानाच्या राजकारणाची गोष्ट

(व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

विषय जरा रुक्ष वाटेल, अनुदान. म्हणजे शाळेला सरकारकडून मिळणारा पैसा. हा शब्द ऐकला की अनेकांना जीआर, शेरे, फायली, शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाबाहेरचं बाकडं आठवतं. पण मी आज त्या बाकड्याची गोष्ट नाही सांगणार. थोडं मागे जाऊ.

सुरुवात मात्र अलीकडच्या एका प्रसंगापासून करतो. मागच्या पावसाळ्यात भोर तालुक्यातल्या एका वाडीवर गेलो होतो. जिल्हा परिषदेची शाळा, पटावर सात मुलं. शाळा बंद होणार, मुलं पाच किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत जाणार, अशी गावात चर्चा होती. निर्णय झालेला नव्हता, पण धास्ती पुरेशी होती. एक बाई पोराला सोडायला आल्या होत्या. मला कुणीतरी सरकारी माणूस समजल्या असाव्यात. म्हणाल्या, "सर, परवडत नाही म्हणतात. मग आधी परवडत होतं का?"

मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजा. कारण प्रश्न इतिहासाचाच आहे. आधी परवडत होतं का?

एक लाख रुपये आणि झिरपण्याचा सिद्धांत

१८१३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण झालं, तेव्हा हिंदुस्थानातल्या शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये बाजूला काढावेत असं त्यात कलम घातलं गेलं. अख्ख्या मुलखासाठी एक लाख. आणि गंमत अशी, की ते खर्च कशावर करायचे यावर पुढची वीस वर्षं वाद चालला. संस्कृत-अरबी की इंग्रजी, हा तो प्रसिद्ध वाद. पण त्या वादाच्या खाली दुसरा एक प्रश्न दबून गेला. शिकवायचं कुणाला?

त्याचं उत्तर राज्यकर्त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. पैसा थोडा आहे, म्हणून आधी वरच्या वर्गाला शिकवू, मग ज्ञान आपोआप खाली झिरपेल. मुंबई इलाख्यात १८४० साली बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झालं आणि त्याचाही कल याच बाजूचा राहिला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती परत परत येणार आहे. 'पैसा थोडा आहे' हे वाक्य खरंच होतं. पण त्या वाक्याच्या पाठोपाठ लगेच एक रांग लावली गेली. आणि रांगेत शेवटी कोण उभं राहणार, हे जमाखर्च सांगत नाही. ते रांग लावणारा ठरवतो.

मग आला १८५४ चा वुडचा खलिता. चार्ल्स वुड हे बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष. १९ जुलै १८५४ चा हा दस्तऐवज. त्यात सरकारने कबूल केलं की आपलं लक्ष आजवर वरच्या वर्गांकडे गेलं, बहुजनांच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष झालं. आणि उपाय म्हणून जी यंत्रणा सुचवली ती म्हणजे ग्रँट-इन-एड. आपला 'अनुदान' शब्द तिथून. कल्पना अशी, की शाळा लोकांनी काढावी, चालवावी, थोडी का होईना फी घ्यावी. सरकार तपासणी करेल आणि पैशाची मदत करेल. प्रत्येक प्रांतात शिक्षण खातं निघालं, इन्स्पेक्टर नेमले गेले. 'साहेब येणार' म्हणून शाळा सारवायची पद्धत या व्यवस्थेतूनच रुजली. (हशा)

कल्पना वाईट नव्हती. पण बघा, शाळा 'लोकांनी' काढावी म्हणजे कोणी? ज्याच्याकडे आधीच थोडा पैसा आहे, थोडं शिक्षण आहे, गावात वजन आहे, त्यानेच ना? म्हणजे मदत त्यालाच मिळणार, ज्याला मदतीची गरज तुलनेने कमी.

धारवाडचा मुलगा

ही यंत्रणा सुरू होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच तिची पहिली खरी परीक्षा झाली. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. शाळेने प्रवेश नाकारला होता, म्हणून त्याने थेट सरकारकडे दाद मागितली.

मुंबई सरकारचं उत्तर वाचण्यासारखं आहे. सारांश असा: न्याय तुझ्या बाजूने आहे, यात शंका नाही. पण तुला घेतलं तर बाकीची मुलं शाळा सोडतील आणि शाळेचा उपयोगच संपेल. तेव्हा एका माणसासाठी आम्ही हस्तक्षेप करू शकत नाही.

न्याय तुझ्या बाजूने, प्रवेश मात्र नाही! प्रकरण कलकत्त्याला गेलं, तिथल्या सरकारला मुंबईची भूमिका पटली नाही. पुढे लंडनला कंपनीच्या संचालकांपर्यंत गेलं. शेवटी १८५८ साली मुंबई सरकारने ठराव केला. त्याचे दोन भाग आहेत आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत. पहिला: ज्या शाळा संपूर्णपणे सरकारी खर्चाने चालतात, त्या सर्व प्रजाजनांना भेदभाव न करता खुल्या राहतील. दुसरा: ज्या शाळांचा खर्च काही प्रमाणात लोकवर्गणीतून होतो, तिथे अस्पृश्य मुलांना घालण्याचा सरकारचा विचार नाही. पण जात किंवा वंश यावरून कुणाला शिक्षण नाकारलं, तर अशा शाळेची मदत बंद करण्याचा पूर्ण अधिकार सरकार राखून ठेवत आहे.

मंडळी, अनुदानाचं सगळं राजकारण या दोन वाक्यांत आहे. पैसा पूर्ण सरकारचा असेल तर दार सगळ्यांना उघडं. पैसा अर्धा सरकारचा असेल तर दार मालकाच्या मर्जीवर. सरकारच्या हातात एक दोरी राहते, पण ती ओढायची की नाही हे सरकार ठरवणार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे मांडलेल्या निवेदनात हा सगळा पत्रव्यवहार उद्धृत केला. का केला असेल? कारण 'खुलं दार' असलेल्या सरकारी शाळेचा अनुभव त्यांना स्वतःला होता. १९०० साली ते साताऱ्याच्या सरकारी शाळेत जात होते तेव्हा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत होते. ठराव होऊन तेव्हा बेचाळीस वर्षं उलटली होती. दोरी होती, पण ती ओढली कुणी नव्हती.

फुल्यांचं निवेदन

आता १८८२. लॉर्ड रिपनने शिक्षणाची पाहणी करायला विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. मुंबईकडून त्यात काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. आयोगामागे मिशनरी मंडळींचाही रेटा होता. त्यांचं म्हणणं, सरकार स्वतः शाळा-कॉलेजं चालवून आमच्याशी स्पर्धा करतंय, तर सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावं. देशी पुढाऱ्यांत काहींना ते नको होतं, काहींना स्वतःच्या संस्था काढायच्या होत्या म्हणून चालणार होतं.

या आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. १८४८ पासून शाळा चालवलेला हा माणूस. त्यामुळे निवेदनात हवेतलं काही नाही. पैशाची बाजू पाहा. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा वाटा रयतेच्या कष्टातून येतो, वरच्या वर्गांचा त्यातला हिस्सा किरकोळ; आणि शिक्षणावरचा खर्च मात्र त्यांच्याच मुलांवर होतो. हे त्यांनी स्पष्ट मांडलं.

ही तक्रार समजून घ्यायला लोकल फंड काय ते कळायला हवं. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा जादा उपकर बसवला गेला. त्याचा एक तृतीयांश भाग शाळांना, बाकी रस्ते वगैरेंना. म्हणजे शेतकरी सारा भरतो, वर शाळेसाठी वेगळा कर भरतो आणि त्याच्या गावात शाळा नाही! फुल्यांनी मागणी केली की उपकराचा निम्मा हिस्सा एकट्या प्राथमिक शिक्षणाला द्या. शिवाय नगरपालिकांना कायद्याने शाळा चालवायला लावा आणि इलाख्याच्या तिजोरीतूनही भरीव रक्कम द्या.

आणखी काय मागितलं? निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिक्षकाला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले, प्रशिक्षित असावेत. गरज पडली तर नांगराची मूठ धरायला किंवा सुताराचा वाकस हातात घ्यायला लाजणार नाहीत असे. अभ्यासात मोडी आणि बाळबोध, हिशोब, इतिहास, भूगोल, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य. आजच्या भाषेत हा शाळासुधारणेचा संपूर्ण आराखडा आहे, अंदाजपत्रकासकट.

पण माझ्या मते त्या निवेदनातला सगळ्यात दूरदृष्टीचा मुद्दा वेगळा आहे आणि त्याकडे लक्ष कमी जातं. फुले उच्च शिक्षणावरच्या खर्चावर एवढे नाराज, तर सहज वाटेल की सरकारने तिथून अंग काढावं असं ते म्हणतील. ते उलट म्हणाले. सरकारने शाळा-कॉलेजांतून माघार घेतली तर शिक्षणाचा प्रसार थांबेलच, पण सरकारी शाळेत जी तटस्थता आहे, कुणा एका जातीचा वा पंथाचा पगडा नसणं, तीही धोक्यात येईल. म्हणजे सरकारवर इतकी टीका करूनही शाळा सरकारच्याच हाती राहू दे, असं ते सांगत होते. कारण सरकारी दारावर निदान भांडता येतं. १८५६ साली धारवाडच्या मुलाला अर्ज तरी करता आला. खासगी दारावर अर्ज कुणाकडे करणार?

आयोगाने काय केलं? प्राथमिक शाळा लोकल बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे सोपवायची शिफारस केली, आणि माध्यमिक शिक्षण हळूहळू अनुदानाच्या जोरावर खासगी संस्थांकडे जाऊ द्यावं असं ठरलं. प्राथमिक शाळा अशा मंडळांकडे गेल्या की ज्यांच्याकडे पैसा तुटपुंजा आणि ज्यांच्या निवडणुकीत मत मूठभर करदात्यांना. सक्तीचा विषय बाजूला राहिला.

खासगी म्हणजे कोण?

इथे थोडं थांबून न्याय करायला हवा. 'खासगी' म्हटल्यावर आज आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, ते त्या काळात नव्हतं. १८८० साली चिपळूणकर, टिळक, आगरकरांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं, १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज. तुटपुंज्या पगारावर शिकवणारी माणसं होती ती. पुढे १९१४ ला नाशिकला मराठा विद्या प्रसारक समाज. १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था. १९३२ ला अमरावतीत पंजाबराव देशमुखांची शिवाजी शिक्षण संस्था. सरकारने मोकळी सोडलेली जागा समाजातल्या एकेका थराने स्वतःच्या हिमतीने भरली. मूठभर धान्य गोळा करून वसतिगृहं चालवली. महाराष्ट्राची शाळा या संस्थांनी घडवली, हे निर्विवाद.

पण अनुदानाची दोरी तिथेही होतीच. गांधीजींच्या हत्येनंतर, १९४८ साली, कर्मवीर भाऊरावांनी सरकारवर केलेल्या टीकेचं निमित्त झालं आणि रयत शिक्षण संस्थेचं अनुदान थांबवण्यात आलं. सरकार स्वदेशी, नुकतंच स्वतंत्र झालेलं. लोकांनी वर्गण्या गोळा केल्या, संस्था तगली, नंतर अनुदान पुन्हा सुरू झालं. आता हे शेजारी-शेजारी ठेवून बघा. जात पाहून मूल नाकारणाऱ्या शाळेचं अनुदान काढून घेण्याचा अधिकार ब्रिटिश सरकारने राखून ठेवला आणि बहुतेक वेळा वापरला नाही. टीका करणाऱ्या संस्थेचं अनुदान मात्र स्वतंत्र सरकारला लगेच थांबवता आलं.

तेरा विरुद्ध अडतीस

पुन्हा थोडं मागे. १९११ च्या मार्चमध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. आज वाचलं तर वाटतं, किती सौम्य! सहा ते दहा वयाच्या मुलग्यांपुरतं. तेही सगळीकडे नाही. ज्या नगरपालिकेला किंवा बोर्डाला वाटेल तिने सक्ती लागू करावी. खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने उचलावा, बाकी स्थानिक संस्थेने. घरची मासिक प्राप्ती दहा रुपयांच्या आत असेल तर फी माफ. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ ला अमरेली भागात सक्तीचा प्रयोग करून १९०६ ला तो सगळ्या संस्थानात नेला होता. म्हणजे 'हिंदुस्थानात हे होणार नाही' असं म्हणायची सोय उरली नव्हती.

तरी विरोध झाला. सरकारचं म्हणणं पैशाचं आणि 'अजून वेळ आली नाही'चं. काही जमीनदार सभासदांना वेगळीच भीती. पोरं शाळेत गेली तर शेतावर गडी कुठून आणायचे? १९ मार्च १९१२ रोजी मतदान झालं. बाजूने १३, विरोधात ३८. गोखल्यांना निकाल आधीच ठाऊक होता; आपल्या पिढीच्या वाट्याला पराभव पत्करून देशाची सेवा करणं आलं आहे, अशा आशयाचं ते बोलले.

याच्या तीनच महिने आधी, डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात, बादशहांच्या नावाने शिक्षणासाठी पन्नास लाख रुपयांची घोषणा झाली होती. म्हणजे तिजोरीत काहीच नव्हतं असं नाही. पन्नास लाख बक्षीस म्हणून देता येत होते. तीच रक्कम हक्क म्हणून मागितली की परवडत नव्हती. बक्षीस देणाऱ्याचे आभार मानायचे असतात, हक्काचा मात्र दरवर्षी जाब विचारता येतो. सरकारला अडचण त्या जाबाची होती, असं मला वाटतं.

आणि पुढचं बघा. गोखले १९१५ ला गेले. १९१७ ला कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. १९१८ ला विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नांनी मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांसाठी सक्तीचा कायदा झाला, आणि १९२३ ला सगळ्या इलाख्यासाठी. १९१२ ला जे अशक्य होतं ते सहा वर्षांत शक्य कसं झालं? मधे तर महायुद्ध झालं, महागाई झाली. देश श्रीमंत झाला नव्हता. निर्णय घेणाऱ्यांच्या खोलीतली माणसं बदलली होती.

आपल्याच माणसांची परीक्षाही घ्या. सक्तीचा कायदा हाती आल्यावर पुण्यात १९२० च्या आसपास जोरदार वाद पेटला: सक्ती मुलींनाही लावायची का? एका बाजूचं म्हणणं, पैसा अपुरा आहे, आधी मुलगे. ओळखीचं वाटतंय ना? रांग परत लागली. या वेळी लावणारे आपले होते.

दारूचा पैसा

१९१९ च्या सुधारणांनी शिक्षण खातं प्रांतातल्या देशी मंत्र्यांकडे आलं. त्याच्याबरोबर अबकारी खातंही आलं. शाळा वाढवायच्या तर पैसा हवा, आणि मंत्र्यांच्या हातातला मोठा पैसा दारूवरच्या करातून येणारा. राष्ट्रीय चळवळ तर दारूबंदी मागणारी.

१२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या बरोबर आठ दिवस आधी, आंबेडकर मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अंदाजपत्रकावर बोलले. ते भाषण आकड्यांचं आहे. सध्याच्या वेगाने शाळायोग्य वयाचे सगळे मुलगे शाळेत यायला चाळीस वर्षं लागतील आणि मुलींना तीनशे. शाळेत आलेल्या शंभरातली अठराच चौथीपर्यंत पोचतात. बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. इलाख्यात माणशी शिक्षणावर खर्च चौदा आणे, आणि माणशी अबकारी उत्पन्न दोन रुपयांहून जास्त. त्यांची मागणी साधी होती: दारूच्या रूपाने लोकांकडून जेवढं घेता, तेवढं तरी शिक्षणाच्या रूपाने परत द्या. आणि शिक्षणाकडे देवघेवीच्या नजरेने पाहू नका. खालच्या वर्गाला ते जितकं स्वस्त करता येईल तितकं करा.

दहा वर्षांनी हाच पेच गांधीजींपुढे आला. १९३७ ला काँग्रेसची मंत्रिमंडळं आली. दारूबंदी करायची, मग शाळा कशा चालणार? गांधीजींचं उत्तर: शाळेने हस्तोद्योगातून स्वतःचा खर्च भागवावा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद झाली, तिथून नई तालीम सुरू झाली. हाताने काम करत शिकणं ही कल्पना मोठी आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण तिच्या जन्मामागे तिजोरीची ही अडचणही होती. परिषदेतच अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी स्वावलंबनाच्या मुद्द्याला हरकत घेतली होती. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च काढायचा म्हणजे काय, हा प्रश्न आजही जिवंत आहे.

'कायम' हा शब्द

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. गावोगाव शाळा निघाल्या. आज बंद होऊ घातलेल्या कितीतरी शाळा त्यानंतरच्या आहेत. कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते, १९६६ ला सांगितलं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा. ते सहा टक्के अजून गाठायचे आहेत.

माध्यमिक शाळा मात्र अनुदानाच्या वाटेनेच वाढल्या. पगार सरकारने द्यायचा, नेमणूक संस्थेने करायची. या व्यवस्थेने ग्रामीण महाराष्ट्राला हायस्कूल दिलं, हे खरं. तिनेच शिक्षणसम्राट दिले, हेही खरं. शाळा मंजूर करून आणणं हे आमदाराचं काम झालं आणि शिक्षकाची जागा ही देण्या-घेण्याची वस्तू झाली. सरकारी पैशावर खासगी मालकी. फुले ज्या तटस्थतेबद्दल बोलत होते, ती नेमकी इथे हरवली.

मग २००१ साली सरकारने नव्या शाळांसाठी एक शब्द आणला: 'कायम विनाअनुदानित'. म्हणजे परवानगी घ्या, पण पैसा कधीही मागायचा नाही. माझा एक मावसभाऊ अशाच एका शाळेत लागला. बी.एड. झालेला. सकाळी शाळा, दुपारनंतर दुसऱ्याच्या शेतावर काम. शाळेत त्याला 'सर' म्हणायचे आणि बांधावर नावाने हाक मारायचे. अशी हजारो माणसं 'आज ना उद्या अनुदान येईल' या आशेवर राहिली. जुलै २००९ मध्ये 'कायम' हा शब्द काढला गेला. शब्द गेला, पगार आला नाही. २०१६ पासून वीस-वीस टक्क्यांचं टप्पा अनुदान सुरू झालं, आणि दर टप्प्यासाठी आझाद मैदान. माणूस वीस टक्के पगारावर शंभर टक्के शिकवत होता.

तिकडे वरच्या टोकाला २०१२ ला स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलले: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला ही अट नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. १८५८ चा ठराव आठवतो का? पैसा कुणाचा, दार कुणासाठी, हाच वाद. फरक एवढाच, की आता अर्ज करायला न्यायालय आहे.

त्या बाईंना उत्तर

आता वाडीवर परत जाऊ. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा २०२३ च्या सुमारास राज्यात सुमारे पंधरा हजार होत्या. २०२३ मध्ये त्यांच्या समूहशाळा करण्याचा विषय आला, त्याच सुमारास शाळा दत्तक देण्याची योजनाही आली. समूहशाळेच्या बाजूचा युक्तिवाद मी उडवून लावणार नाही. एकच शिक्षक चार इयत्ता घेतो, मुलांना खेळायला सवंगडी नसतात, प्रयोगशाळा तर लांबच. मोठ्या शाळेत हे सगळं मिळू शकतं. पण गाडी रोज येणार का, पावसात ओढा कोण पार करून देणार, आणि तिसरीतल्या मुलीला पाच किलोमीटर पाठवायला घर तयार होणार का, हे खर्चाच्या रकान्यात येत नाही. आंबेडकरांच्या आकड्यांतले ते ब्याऐंशी असेच गळत होते. तेव्हा शाळा चौथीआधी सुटायची, आता शाळाच उठून पुढच्या गावाला जाईल.

तर, आधी परवडत होतं का? इतिहास म्हणतो, नाही, कधीच परवडत नव्हतं. १८१३ ला परवडत नव्हतं, १८८२ ला नव्हतं, १९१२ ला नव्हतं, १९२७ ला नव्हतं. 'परवडत नाही' हे वाक्य दोनशे वर्षं जुनं आहे, आणि वाडीवरची शाळा ते वाक्य असतानाच उभी राहिली. कारण प्रत्येक वेळी कुणीतरी, धारवाडचा मुलगा, पुण्याचा माळी, हरणारं विधेयक मांडणारा प्राध्यापक, कायदेमंडळात आकडे वाचणारा बॅरिस्टर, विचारत राहिलं की आमच्या करातून आलेला पैसा आमच्या मुलापर्यंत का पोचत नाही?

म्हणून मी त्या बाईंना आज एवढंच सांगेन: बाई, तुम्ही विचारलेला प्रश्न योग्य आहे, फक्त तो मला विचारून उपयोग नाही. गावात शाळा व्यवस्थापन समिती आहे, कायद्याने आहे, आणि तिच्यात पालकांचं बहुमत असावं लागतं. ग्रामसभा आहे. शाळा बंद करण्याचा कागद येण्याआधी तुमचा ठराव तिथे लिहिला गेला पाहिजे, तारीख-वार घालून. १८५६ च्या त्या मुलाचा अर्ज नामंजूर झाला होता. तरी तो कागदावर होता, म्हणून दोन वर्षांनी ठराव झाला, आणि म्हणून सत्तर वर्षांनी आंबेडकरांना तो कमिशनपुढे ठेवता आला.

वेळ झाली आहे, थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.